पट्टी उतरवायचं बटण

सकाळी सहाला उमरखेडच्या स्थानकात पुसदची गाडी लागली, तेव्हा माझ्या पर्समध्ये एक यादी होती आणि मनात एक कपट. यादी उघड होती. आमच्या गायन मंडळासाठी कीबोर्ड घ्यायचा होता: खांद्यावर नेता येईल असा हलका, वीज गेली तरी सेलवर चालणारा, मंडपातल्या साउंडवाल्याच्या मशीनला जोडता येणारा आणि मंडळाला परवडणारा. कपट असं, की त्याला पट्टी उतरवायचं बटण हवं होतं आणि ते कशासाठी हे शेजारी बसलेल्या सुमनमावशींना कळू द्यायचं नव्हतं.

मावशी आमच्या मुख्य गायिका, पासष्टीच्या पुढच्या. विहारातले कार्यक्रम, लग्नं, नामकरणं, सगळीकडे आम्ही भीमगीतं गातो. मी शाळेत गणित शिकवते आणि मंडळात पेटी वाजवते. मावशी तरुणपणापासून काळी पाचमध्ये (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला 'सा' धरून) गातात. ही पट्टी उंच. गेली दोन वर्षं वरच्या 'सा'ला त्यांचा आवाज फाटत होता आणि गाणं संपलं की त्या पदराआड खोकत होत्या. पण इतक्या मानाच्या गायिकेला 'जरा खालून गा' असं कोण सांगणार? शिवाय पट्टी बदलली की पेटीवर बोटांची सगळी मांडणी बदलते. ते मला येत नाही, पण तो मुद्दा मी गौण मानला होता. कीबोर्डवर बटण दाबलं की बोटं काळी पाचवरच फिरतात आणि सूर मात्र खालचा निघतो. मावशींना माझी बोटं दिसतील, त्यांचा मान राहील. वर्गात खरं बोलण्याचे धडे देणाऱ्या बाईंनी ही योजना दोन आठवडे खपून आखली होती.

पुसदच्या अलीकडे टेकड्या सुरू झाल्या. सागाची मोठाली पानं धुळीनं तांबूस झालेली, मधल्या शेतांत वेचणीला आलेला कापूस. मावशी खिडकीतून बघत म्हणाल्या, "मशीन कायले पाह्यजे वं? पेटी चांगली तं हाये."

"जड आहे ना, मावशी."

"आतालोक तं नव्हती जड."

मी लगेच शेतांकडे बघायला लागले.

पुसदला गाडी बदलून दिग्रसला उतरलो. तिथले देविदासभाऊ लग्नाच्या बँडमध्ये वाजवत आणि आपला जुना कीबोर्ड विकणार होते. घर कापसाच्या जिनिंग कारखान्याजवळ, गल्लीभर कापसाचे पुंजके उडत होते. भाऊंनी आत बघून "याडी!" (आई) अशी हाक मारली, चहा आला, आणि मग पलंगाखालून ते वाद्य ओढून काढलं. मी एक पट्टी दाबली, तर दोन वाजल्या. तिसरी दाबली, ती खालीच राहिली. भाऊंनी फुंकर मारली तसा आतून रुईचा बोळा निघाला.

"बॅटरीवर चालतो?" मी विचारलं.

"झाकण हाये बॅटरीचं," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "काम नाई."

मावशींनी एक टोक उचलून पाहिलं आणि लगेच खाली ठेवलं. "हे न्यायले बैलगाडी लागंल, भाऊ." भाऊच सगळ्यात मोठ्यानं हसले. पाहुण्यांना रिकाम्या हातानं पाठवू नये म्हणून त्यांनी आम्हाला कोपऱ्यावर नेऊन तर्री-पोहे (झणझणीत रस्सा घातलेले पोहे) खाऊ घातले. तर्रीचा एक थेंब माझ्या यादीवर पडला आणि 'परवडणारा' हा शब्द पुसला गेला. यवतमाळपर्यंत मला तो अपशकुन वाटत राहिला.

यवतमाळच्या दुकानात शिरलो तेव्हा दुपार झाली होती. दुकानदार उत्साही होता. "सहाशे आवाज हायेत मॅडम याच्यात!" असं म्हणत त्यानं हेलिकॉप्टर ऐकवलं, कुत्रं भुंकवलं, शेवटी टाळ्या वाजवल्या.

"पेटी हाये का यात?" मावशींनी विचारलं.

"पेटी..." तो बटणं दाबत राहिला. पेटी सापडायला हेलिकॉप्टरपेक्षा बराच जास्त वेळ लागला.

दुसरा एक वाजवून पाहिला, तो हलका होता, पण त्याच्या पट्ट्या इतक्या बारीक की माझं एक बोट दोन पट्ट्यांवर पडे. तिसरा मात्र यादीबरहुकूम निघाला: परवडणारा, सेलवर चालणारा, खांद्याला अडकवायच्या पिशवीसह, हळू दाबलं तर हळू वाजणारा. मावशी तबल्यांकडे बघत होत्या तेवढ्यात मी गुपचूप बटण दाबून पट्टी तीन घरं उतरवली आणि काळी पाचवर बोटं ठेवली.

"मावशी, म्हणून बघता?"

त्यांनी उभ्यानंच एक कडवं म्हटलं. आवाज भरदार लागला. दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघू लागलं, दुकानदाराचा हात बटणावरून निघाला. वरचा 'सा' लागला, किंचित ताणून. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली.

"रेखा," मावशी म्हणाल्या, "अजून एक घर उतरव."

"काय उतरवू?"

"नाटक नको करू. तीन उतरवलं ना? चार कर."

"तुम्हाला कळलं?"

"गळा माहा हाये. मले नाई कळणार?"

"मग दोन वर्षं त्रास काढलात, कधी बोलला का नाहीत?"

"कशी बोलू? तुले दुसऱ्या पट्टीत वाजवता येत नाई. मागं एका लग्नात मी खालून उचललं, तं तुह्ये बोटं थांबूनच गेलते. समोर तुह्या शाळेतले लेकरं बसले होते. म्हटलं, मास्तरीणबाईची फजिती कायले करा? ओढलं मंग थोडं."

दुकानदार एकाएकी खोका शोधायला आत गेला. मी बटण चारवर नेलं. दोन वर्षांचा तो खोकला माझ्यासाठी होता.

परतीच्या गाडीत कीबोर्ड आमच्या दोघींच्या मांडीवर आडवा होता. कंडक्टरनं विचारलं, "काय हाये हे?"

"पेटी," मावशी म्हणाल्या. "वाळली."

पुढच्या रविवारी विहारात मावशी गायल्या. वरचा 'सा' अखंड लागला आणि पदर तोंडाशी गेला नाही. लोकांनी नव्या वाद्याचं कौतुक केलं, ते मी मुकाट्यानं ऐकून घेतलं. एवढा प्रवास करून मी कोणाचं उणं झाकायला गेले होते आणि कोणाचं दोन वर्षं झाकलेलं उणं कळून परतले, ते मला ठाऊक होतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी बटण शून्यावर ठेवून मी काळी तीनमध्ये, म्हणजे मावशींच्या चार घरं खालच्या नव्या पट्टीत, सराव करते. महिनाभरानं एक गाणं कसंबसं बसलं, ते मावशींच्या घरी जाऊन वाजवलं. त्यांनी डोळे मिटून, मान डोलावत, शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं हाये," त्या म्हणाल्या. "पण कार्यक्रमात बटणच दाब."