राक्षसाच्या आरोळीवर शिजलेला भात

माझे वडील दशावतारात राक्षसाची कामं करायचे. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू झाल्या की गावोगावच्या देवळांपुढे नाटकं लागत, आणि त्या दिवसांत आमच्या घरात भात नीट शिजे. पावसाळ्यात नाटकं बंद. मग ते दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जात. आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. काजूच्या टरफलाचं तेल कातडी खातं. तिची बोटं बाराही महिने काळी असत, आणि शाळेतल्या कार्यक्रमाला ती हात पदराखाली घेऊन बसायची. घर गळायचं. गळत नसे अशी एकच जागा होती. तिथे वडिलांचा नाटकाच्या कपड्यांचा पेटारा असायचा आणि आम्ही भावंडं त्याच्या आजूबाजूला झोपायचो. गरिबीचं मला कौतुक नाही. होती ती अशी होती.

शेजारच्या घरी टीव्ही होता. तिथे दाराच्या उंबऱ्यावर बसून बघायची परवानगी होती. हिंदीत बोलणारी जपानी कार्टून्स मी तिथेच पाहिली. रंगवलेले चेहरे, मोठमोठी शस्त्रं, मरता मरता केलेली लांबलचक भाषणं. मला त्यात नवल काही वाटलं नाही. आमच्या घरी हेच चालायचं.

पुढे कॉलेजला गेले. आमच्या घरात मीच पहिली. वाटेत तळेऱ्याला गाडी बदलावी लागे आणि दुसरी गाडी वेळेवर कधी येत नसे. त्या वाट बघण्यात मोबाइलवर जपानी शिकले. आधी खाली येणारी अक्षरं वाचत मालिका बघायच्या, मग ती अक्षरं झाकून बघायच्या. आई म्हणायची, "काय ता बघतंस गो सदीकदी? डोळे फुटतले." डोळे फुटले नाहीत. पदवी मिळाली आणि जपानी भाषेची सुरुवातीची परीक्षाही पास झाले. त्यानंतर ओसाकाजवळच्या एका भाषाशाळेत दाखल झाले. पैशांचं कसं जमवलं ती आमच्या घरची गोष्ट आहे, इथे लिहीत नाही.

पहिल्या दिवशी वर्गात प्रत्येकाला विचारलं, जपानी का शिकता. मी म्हटलं, अॅनिमेसाठी, म्हणजे त्याच जपानी कार्टून्ससाठी. बाई गोड हसल्या. असं सांगणारी मी त्या वर्गातली सहावी की सातवी होते. व्हिएतनामचे, नेपाळचे, चीनचे, सगळे त्याच दारातून आत आलेले. तिथे मोठ्या माणसासमोर अॅनिमेचं नाव काढणं म्हणजे आपल्याकडे मुलाखतीत गोट्या खेळायला आवडतात म्हणण्यासारखं. तरी रविवार आमचा असायचा. जुन्या वस्तूंच्या दुकानांत आम्ही पात्रांच्या बाहुल्या बघत हिंडायचो. विकत क्वचितच घेतलं. पण कुठली बाहुली कुठल्या भागातल्या कपड्यांत आहे यावर दुकानात उभ्या उभ्या मोडक्या जपानीत भांडायचो. वर्गात शिकले त्यापेक्षा जास्त क्रियापदं मी त्या भांडणांत वापरली असतील.

बाकीचे दिवस शाळा, आणि शाळेनंतर जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात काम. पट्ट्यावरून डबा पुढे आला की त्यात भाताच्या मधोमध एक खारवलेलं फळ ठेवायचं, लोणच्याच्या फोडीसारखं. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "मी हंय काजी फोडतंय, तू थंय लोणचा ठेवतंस. मगे जपानाक कित्याक गेलंस?"

प्रश्न रास्त होता. शाळेचा व्हिसा शाळेपुरताच असतो. अभ्यासक्रम संपेपर्यंत पुढच्या कॉलेजात प्रवेश मिळवायचा, नाहीतर घरी परतायचं. मला दुभाष्याचं शिक्षण घ्यायचं होतं. पहिल्या कॉलेजच्या मुलाखतीसाठी मी सगळी उत्तरं पाठ केली होती, अगदी श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा. 'जपानच का' या उत्तराच्या मध्येच समोरच्या गृहस्थांनी काहीतरी विचारलं. धागा सुटला, म्हणून मी पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं नाही. प्रवेश मिळाला नाही.

त्यानंतरच्याच रविवारी अॅनिमेच्या चाहत्यांचा मेळावा होता. आवडत्या पात्राचं सोंग घेऊन यायचं, त्याला कॉस्प्ले म्हणतात. माझी आवड एका मालिकेतल्या, नदीची राखण करणाऱ्या राक्षसिणीची. मालिकेत ती फार वेळ नसते, पण येते तेव्हा इतरांना बाजूला व्हावं लागतं. आईची जुनी हिरवी साडी फाडून मी कपडे शिवले होते. हॉलमागच्या खोलीत बाकीच्या मुली दिव्यांच्या आरशांपुढे बसून बारीक बारीक ब्रश चालवत होत्या. मी जमिनीवर मांडी घातली, डाव्या हातात छोटा आरसा धरला आणि उजव्या हाताच्या बोटांनी पांढरा रंग चोपडला. वडिलांना आयुष्यभर असंच बघितलेलं. त्यांचा एक नियम होता, लहानपणी हौसेने रंग लावणाऱ्या आपल्या मुलीलाही तो लागू, "तोंडाक रंग लागलो काय तू माजा चेडू नाय. तू सोंग."

दशावतारात राक्षस गुपचूप येत नाही. प्रेक्षकांच्या मागून आरोळी ठोकत येतो, पोरं रडतात, म्हातारे सरकून वाट देतात. मीही तशीच आले. हॉलच्या दारातून, पोटातून काढलेली आरोळी देत.

सगळा हॉल वळून बघायला लागला. हातातले कॅमेरे हातात राहिले. दंडाला पट्टी बांधलेला एक स्वयंसेवक धावत आला आणि त्याने वाकून विचारलं, "कुठे दुखतंय का?"

रंग लागलेला. मी सोंगातूनच उत्तर दिलं, "ही नदी माझी आहे. विचारणारा तू कोण?"

तो पुन्हा वाकला. मग अतिशय नम्रपणे म्हणाला की इथे लोक शांतपणे उभे राहतात, विचारून फोटो काढतात, आणि नदी माझी असली तरी दार मोकळं ठेवावं लागेल. मी भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. ते गप्प उभे राहणारे वीर, चेटकिणी, राजपुत्र बघून मला वाटलं, यांची नाटकमंडळी आहे पण नाटक लागलेलंच नाही.

माझ्या आईच्या वयाची एक बाई त्याच मालिकेतल्या नावाड्याचं सोंग घेऊन आली होती. ती येऊन म्हणाली, "ही आरोळी मालिकेत नाही. कुठून आणली?"

मी सांगायला लागले. देवळापुढचं अंगण, पेटारा, मृदंग, पेटी. संवाद लिहिलेले नसतात, कथा तेवढी ठरते, बोलायचं ते समोरचा काय बोलतो ते ऐकून. प्रत्येक वाक्याला ती "हाय, हाय", म्हणजे "हो, हो", म्हणत मान डोलवत होती. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालताना लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात, तशी. तिने मध्येच प्रश्न विचारले, मी त्यांची उत्तरं दिली. शब्द अडला तिथे हात वापरले. ती गेल्यावर लक्षात आलं की एवढं सगळं मी जपानीत बोलले आणि त्यातलं एकही वाक्य पाठ केलेलं नव्हतं.

वडिलांना फोन केला. त्यांनी विचारलं, "आरोळी बरी झाली?"

"झाली."

"लोक दचाकले?"

"दचकले."

"मगे बरा." लगेच पुढे म्हणाले, "आणि तुजी ती मुलाखत? पाठ केलंलंस मां? समोरचो काय बोलता ता आयकाचा आसता गो. नायतर तो रंगमंचार उबो कित्याक?"

दुसऱ्या कॉलेजच्या मुलाखतीला मी काही पाठ केलं नाही. तीन जण होते. मधल्या बाई माझा अर्ज बघून म्हणाल्या, "अॅनिमे. सगळेच हे लिहितात."

मी म्हटलं, "हो. पण आमच्या घरचा भात राक्षसाच्या आरोळीवर शिजला."

त्यांनी अर्ज खाली ठेवला. मी वडिलांच्या नाटकांबद्दल सांगितलं. मग प्रश्न सुरू झाले. वडील मुखवटा घालतात का? नाही, रंग. तालीम किती दिवस? तालीम नसते. मग समोरचा चुकला तर? सावरून घ्यायचं, प्रेक्षकांना कळू द्यायचं नाही. बाई म्हणाल्या, दुभाष्याचंही तेच असतं. शेवटी कडेच्या गृहस्थांनी विचारलं, आरोळी ऐकवाल का?

मी म्हटलं, "इथे नको. बाहेर माणसं बसली आहेत, आणि दार मोकळं ठेवावं लागतं."

तिघेही हसले.

मला प्रवेश मिळाला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम मी पूर्ण केला. आज मी जपानमध्ये दुभाषी म्हणून नोकरी करते.