सगुणाबाईची सुई

चाकणला उद्धवराव डॉक्टरांचा दवाखाना बाजारतळाला लागून होता. एरवी तिथे बाजारच्या दिवशीच गर्दी व्हायची, पण सत्तावन्न सालच्या तापाच्या साथीत रोजच पाय ठेवायला जागा नसे. डॉक्टर सकाळी चहा घेऊन जे बसत, ते दिवे लागल्यावरच उठत. घरून आलेला डबा तसाच परत जाई. लोक म्हणत, देवमाणूस! डॉक्टरांनाही ते ऐकायला बरं वाटे, खोटं कशाला बोला? त्यांच्या पत्नी कुसुमताई मात्र एकदा चिडून म्हणाल्या होत्या, "दमलात की तुम्ही माणसाकडे बघतच नाही. नुसता दंड बघता."

आणि दंड पुढे करायला तर सगळे टपलेलेच. तिकडे पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघाला आणि इकडे खेडोपाडी सुईचं वेड लागलं. गोळ्या दिल्या की तोंडं वाकडी. डॉक्टरांनी आधी पुष्कळ समजावून पाहिलं. मग समजावण्यापेक्षा टोचून मोकळं होणं सोपं, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि तिथेच घात झाला.

त्या दिवशी खराबवाडीच्या सगुणाबाई आल्या, बरोबर नवरा कोंडीराम. ताप, खोकला, छातीत घरघर.

"मागल्या बारीला दिली तीच पांढरी सुई द्या," म्हणत त्यांनी दंड पुढे केला.

घरघर आहे ना, देऊन टाकू, असं म्हणून डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही. कंपाउंडर आबाजींनी सिरिंज भरून दिली. डॉक्टरांनी ती टोचली, रिकामी केली आणि पुढच्या माणसाला हाक मारायला तोंड उघडलं.

"आता गांधी उठत्याल बगा," सगुणाबाई समाधानाने नवऱ्याला म्हणाल्या. "मागं बी सुईनंतर साऱ्या अंगावर उठल्या व्हत्या. आतली उष्णता भायेर पडली, म्हून तर बरं वाटलं."

डॉक्टर हाक अर्धी टाकून वळले. हे औषध या बाईला बाधतं, आणि तेच त्यांनी आत्ता तिच्या अंगात घातलं होतं!

"अहो, तेव्हाच मला सांगायला काय झालं होतं?"

"बरं वाटल्याचं काय सांगायचं?" त्या हसल्या. मग त्यांचा हात गळ्याकडे गेला. "घशात कायतरी..." एवढंच बोलून त्या स्टुलावरून खाली घसरल्या.

ओठ निळे पडले. डॉक्टर नाडी शोधत होते आणि नाडी सापडत नव्हती. "आबाजी, ॲड्रेनलिन! दम्याच्या औषधांत बघा!" आबाजी कपाट उपसत होते, बाटल्यांवर बाटल्या पडत होत्या. कुपी एकच निघाली. सिरिंज उकळायला वेळ कुठला? डॉक्टरांनी ती स्पिरिटने धुतली, कुपीची मान मोडली आणि औषध भरून टोचलं. दारातून माणसं डोकावत होती. कोंडीराम बायकोचे पाय धरून बसला होता. तिचा श्वास शीळ घातल्यासारखा येत होता, मध्येच थांबत होता, आणि तो थांबला की डॉक्टरांचाही थांबत होता. ही गेली तर मीच मारली, याशिवाय दुसरा विचार त्यांच्या डोक्यात नव्हता.

शेवटी बोटाखाली काहीतरी हललं. सुतासारखी बारीक, पण नाडीच. हळूहळू ओठांवर रंग आला. सगुणाबाईंनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

कोंडीरामने डॉक्टरांचे पायच धरले. "माघारी आनली तुमी तिला! काय जबर सुई म्हनायची!"

बाहेर ते लगेच पोचलं. "आमाला बी तीच सुई द्या, डागदर," कोणीतरी ओरडलं.

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसले असते तर चाकणात त्यांचा नुसता जयजयकार झाला असता. पण उद्या ही बाई दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात जाऊन तीच पांढरी सुई मागणार होती.

"कोंडीराम, पाय सोड. माझ्याच हातानं ती मरत होती. ती पांढरी सुई बाधते का, हे टोचायच्या आधी मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. दमलो होतो."

कोंडीराम उठला. त्याचा चेहरा बदलला. आता हा हात उगारणार, असं डॉक्टरांना वाटलं, आणि ते मागेही सरले नाहीत. पण तो एवढंच म्हणाला,

"हिला काय बाधतं ते सांगा. पाठ करतो."

डॉक्टरांनी औषधाचं नाव सांगितलं, पेनिसिलिन. ही सुई पुन्हा कधीच घ्यायची नाही, गांधी उठणं चांगलं नव्हे, हेही सांगितलं. कोंडीरामने ते घोकून घेतलं, बायकोकडूनही म्हणवून घेतलं. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाला, "हिचं मी सांगंन. पर तुमी दमलाया, ह्ये भायेरच्या मानसांना कोन सांगनार?"

बाहेर माणसं अजून सुई मागत होती.

"आबाजी," ते म्हणाले, "फार ताप असेल त्यांनाच थांबवा. बाकीच्यांना सांगा, डॉक्टर दमलेत, उद्या या."

आबाजी जागचे हललेच नाहीत. असली आज्ञा त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. मग डॉक्टर स्वतः सांगायला उठले, आणि दारापर्यंत जायला त्यांना कोंडीरामच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.