वहिनीने बांधलेली माशी

नणंद भावजयीची बाजू घ्यायला लागली की लोकांना काहीतरी आक्रीत घडल्यासारखं वाटतं. वाटू दे. दादा माझा सख्खा भाऊ आहे, पण त्याने जे केलं ते आठवलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

वहिनी विगच्या दुकानात कामाला आहे. मागच्या खोलीत लाकडी डोक्यावर ताणलेली जाळी, हातात सुईएवढा आकडा, आणि एकेक केस त्या जाळीत गाठवत जायचं. लग्नाआधीपासून ती हेच करते. आजारपणात केस गेलेल्या बायका, टक्कल लपवणारे साहेब, सगळ्यांची डोकी तिने झाकली. या धंद्याचा न्यायच उलटा. विग उत्तम झाला म्हणजे तो विग आहे हे कुणाला कळतच नाही, मग कौतुक कोण करणार? एकदा बसमध्ये तिने केलेला विग आमच्या पुढच्याच सीटवर बसला होता. मी कोपराने ढोसलं, "सांग की त्यांना!" तर म्हणते, "वेडी आहेस का? गुपित आहे त्यांचं."

दादाला मासे पकडायचा नाद. सॅमन पकडणाऱ्यांच्या क्लबचा तो सेक्रेटरी. ही मंडळी गळाला गांडूळ लावत नाहीत, त्यात त्यांना कमीपणा वाटतो. हुकावर पिसं आणि रेशीम बांधून केलेली खोटी माशी लावतात. क्लबच्या हॉलमध्ये काचेच्या चौकटीत अशीच एक जुनी, पणजोबांच्या काळातली माशी होती, शोभेची. तिला कसर लागली. दादाने ती घरी आणली आणि वहिनीसमोर ठेवली.

"अगं, तुझे हात बारीक कामाचे. बघ, दोन टाके मारून होते का नीट."

टाके म्हणे! फाटकी उशी होती का ती?

वहिनीने भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसून ती माशी सोडवायला घेतली. टोकाचा दोरा सुटला तसे पंख निघाले, पंखांखालून मोरपिसाचा तंतू, त्याखालून रुपेरी जर, मग पिवळं रेशीम. जुन्या हुकाला दोरी ओवायला भोकच नव्हतं, त्याऐवजी आतड्याच्या तातीचा एक फास बांधला होता, तोही निघाला. जे जसं निघालं तसं तिने पांढऱ्या टॉवेलवर ओळीने मांडलं. मी केलेला चहा निवून गेला.

"सगळा डोलारा एका दोऱ्यावर आहे गं," ती म्हणाली. "पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच दोरा."

पंखातलं जे एक पीस वाटत होतं ते तीन पिसांचं निघालं. लाल, निळा, पिवळा तंतू शेजारी शेजारी धरून बोटाने कुरवाळले की त्यांच्या कडा एकमेकींत अडकतात आणि एकसंध पीस तयार होतं. वहिनीला ते पहिल्यांदा जमलं तेव्हा ती खुदकन हसली. इतकी वर्षं तिला ओळखते, पण तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

जुनी माशी दुरुस्त होऊन क्लबात गेली, पण वहिनी काही त्यातून बाहेर आली नाही. पक्षी पाळणाऱ्या शेजाऱ्याकडून गळालेली पिसं आणायची, जुन्या पडद्याच्या झालरीतली जर उसवायची, दादाच्या मागे लागून बिनभोकाचे हुक मागवायचे. दुकानातून आली की हातपाय धुऊन खिडकीपाशी. दादाचे मित्र घरी आले की दात काढायचे, "काय, वहिनी माश्या मारत बसतात म्हणे!" सगळ्यात आधी हसायचा तो दादाच.

"मासा पकडायचा नाही, तर माशी हवीय कशाला?" तो एकदा म्हणाला.

"तुम्ही तरी मासा कुठे खाता?" वहिनी मान वर न करता म्हणाली. "पकडता आणि सोडून देता."

मग तिने एक माशी स्वतःच्या डोक्याने बांधली. कुठल्या जुन्या नमुन्याची नक्कल नाही. काळ्या रेशमाचं अंग, पंखात राखाडीतून केशरीत उतरणारा रंग. मनासारखी होईपर्यंत कितीदा सोडली, कितीदा बांधली. दादाने ती पाहिली आणि भिंग मागून घेतलं. क्लबचा वर्धापनदिन जवळ आला होता. जुन्या माशीशेजारी ही लावू, म्हणाला. चौकटीखाली पितळी पाटी असते आणि तिच्यावर बांधणाऱ्याचं नाव, ही तिथली रीत. वहिनीने उभ्या जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, पण तेव्हा विचारलं.

"पाटीवर माझं नाव येईल ना?"

"येईल की," दादा म्हणाला.

वर्धापनदिनाला ती चक्क नवे कपडे घालून निघाली. हॉलमध्ये शिरलो, चौकटीपाशी गेलो, आणि पाटीवर नाव कुणाचं? दादाचं! लोक येऊन त्याचा हात हातात घेत होते आणि हा आयत्या बिळावरचा नागोबा सांगत होता, "धीर लागतो हो, धीर!" ज्याला शर्टाचं बटण लावता येत नाही तो!

मी त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. "हे काय आहे?"

"हळू बोल. पाटीवर सभासदाचंच नाव लागतं, नियम आहे."

"मग कर तिला सभासद."

"बायकांना घेत नाहीत. आणि तिचं काय, माझं काय, घरातलंच नाव ना?"

"घरातलंच चालतंय, तर मग तिचं का नाही चाललं?"

वहिनी मागेच उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता रडेल. ती सरळ अध्यक्षांकडे गेली.

"जरा चौकट उघडता का? एक पीस वाकडं बसलंय."

अध्यक्षांनी आनंदाने काच उघडली. वहिनीने माशी हातात घेतली, पर्समधून कामाची छोटी कात्री काढली आणि टोकाचा दोरा कापला. मग सवयीच्या हाताने सोडवत गेली. पंख, मोरपीस, जर, काळं रेशीम, फास. एकेक करून सगळं रुमालात ठेवलं.

"अगं, अगं, काय करतेस!" दादा पुढे धावला.

तोपर्यंत तिच्या हातात नुसता हुक उरला होता, दोरी ओवायला भोकसुद्धा नसलेला. तिने तो नीट चौकटीतल्या टाचणीला अडकवला आणि रुमालाची घडी करून पर्समध्ये टाकली.

"हुक तुम्हीच मागवला होता," ती दादाला म्हणाली. "आता पाटी बरोबर आहे."