बिनबटणाची जीप

"गाडीला डोकं नसतं. असलंच तर ते ड्रायव्हरला असतं," असं म्हणून मामा डॅशबोर्डवरच्या बटणावर अंगठा ठेवत आणि गिऱ्हाईकाकडे अशा नजरेनं बघत, की ड्रायव्हरलाही ते असेल याची त्यांना फारशी खात्री नाही, हे त्याला कळावं. मग बटण दाबत. पुढे रेडिएटरमागचा पंखा घरघरायला लागे. "कळलं? टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर गेला की दाबायचं. उतार लागला की बंद. एवढंही जमत नसेल तर रिक्षानं फिर."

सातपूरच्या आमच्या गॅरेजांच्या ओळीत त्यांची शेड माझ्या शेडला लागून होती. मी रेडिएटर दुरुस्त करतो, ते गाड्यांचं वायरिंग करत. आता तिथं कुणी नवाच माणूस गाड्यांना पॉलिश मारतो. ते माझे सख्खेच काय, लांबचेही मामा नव्हते. सगळी ओळ त्यांना मामा म्हणायची. प्रेमानं म्हणायची असंही नाही. त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती, त्यापेक्षा नातं जोडलेलं बरं.

त्यांच्याकडे येणाऱ्या गाड्या कंपनीतून निघाल्या तशा राहिलेल्या नसत. जुन्या जीपच्या सांगाड्यात दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलेलं असे. अशा जोडकामात इंजिनाच्या बेल्टवर फिरणाऱ्या मूळच्या पंख्याला जागा उरत नाही, मग विजेवर चालणारा पंखा लावतात. तो कधी चालू व्हायचा आणि कधी बंद, हे कुणीतरी ठरवावं लागतं. त्यासाठी बाजारात कंट्रोलर मिळतात. पाणी तापलं की पंखा आपोआप चालू, निवलं की बंद. मामांचा राग होता तो या 'आपोआप'वर.

एकदा एक डॉक्टर स्वतःच्या जीपसाठी तसा कंट्रोलर घेऊन आले. मामांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "जेवताना घास आपोआप तोंडात जाईल, असं पण काही आणलंय का डॉक्टर?" डॉक्टर खोका उचलून गेले ते पुन्हा फिरकले नाहीत.

मी म्हटलं, "मामा, चांगलं गिऱ्हाईक घालवलंत."

"जाऊ दे रे. उद्या त्याला पेशंट पण आपोआप बरा व्हायला लागेल."

हा राग कुठून आला ते ओळीत सगळ्यांना माहीत होतं. मामा इथल्याच एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. तिथं भट्ट्यांवर आपोआप चालणारं पॅनल आलं. ते जोडलं मामांनीच, तार न् तार. पॅनल नीट चालायला लागलं तशी भट्टीवरची माणसं कमी झाली, आणि शेवटी पॅनल जोडणाऱ्यालाही काम उरलं नाही. निरोपाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ त्यांनी शेडमध्ये लावलं होतं, पण त्यात कधी सेल घातला नाही.

खरं सांगायचं तर बटणाचा हट्ट चुकीचाच होता. माणूस विसरतो. घाटात गप्पांच्या नादात पंखा चालू करायचा राहतो, पाणी उकळतं आणि रेडिएटर माझ्याकडे येतो. मामांच्या बटणांनी माझं घर चालवलं असं म्हटलं तरी चालेल. तसं बोलून दाखवलं की ते म्हणत, "बटणाची काय चूक? गाढव तर स्टिअरिंगमागं बसलंय."

त्यांची स्वतःचीही एक जीप होती, सगळी हातानं जुळवलेली. दर रविवारी ते एकटेच पेठ रस्त्यानं घाट चढून जात आणि दुपार कलली की परत येत. मामी गेल्यापासून त्यांना घरात करमत नसे. मुलगा आणि सून सांभाळत होते. सांभाळत होते म्हणजे वेळेवर जेवायला वाढत होते आणि टीव्हीचा आवाज कमी करायला सांगत होते. हा माणूस आठवडाभर जगायचा तो त्या रविवारासाठी.

आणि एका रविवारी मामांचीच जीप घाटात उकळली. "बटण गेलं," ते मला म्हणाले. बटण बदललं. थोड्या दिवसांनी गाडी पुन्हा उकळली. या वेळी रेडिएटर काढण्याआधी मी बटण दाबून पाहिलं. पंखा लगेच फिरला. मामा बघत होते. मी बटण बंद केलं आणि रेडिएटर काढायला घेतला. ओळीतल्या बाकीच्यांनी मात्र बोलून घेतलं. ज्यांनी ज्यांनी आजवर 'गाढव' ऐकून घेतलं होतं, ते सगळे चहाच्या टपरीवर खिदळत होते. अशा वेळी माणसं किती खुशीत येतात, हे तुम्हीही कुठंतरी पाहिलं असेल.

मला हसू येत नव्हतं, कारण मी शेजारी होतो. नुकताच चहा प्यायलेले असले तरी मामा पुन्हा मागवायचे. सोल्डरिंग आयर्न तापतं ठेवून घरी निघायचे, प्लग मी काढायचो.

मग त्यांचा मुलगा शेडवर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "पप्पा, आता अजून एकदा जरी गाडी तापली ना, तर चावी माझ्याकडे द्यायची. लोकांत फजिती नको." मामा मान खाली घालून वायर सोलत राहिले. येईल ते तोंडावर फेकणारा माणूस असा गप्प बसला, याचा मला त्यांच्या सगळ्या शिव्यांपेक्षा जास्त त्रास झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर तीन खोके आणून ठेवले. तिन्हींत कंट्रोलर होते.

"एका गिऱ्हाईकाला पाहिजे," ते म्हणाले. "बघू कोणता बरा."

मी डब्यात पाणी उकळत ठेवलं. एकेकाचा सेन्सर त्यात बुडवला, तिन्हींनी पंखा बरोबर चालू केला. मला वाटलं, झालं काम. मामांनी मग एकेकाच्या सेन्सरची तार उपटली. पहिल्याचा पंखा थांबला. दुसऱ्याचाही थांबला. तिसऱ्याची तार उपटली तरी पंखा फिरतच राहिला.

"हा घ्यायचा."

"मामा, याला स्क्रीन नाही. दुसऱ्यात आकडे दिसतात, दिसायलाही भारी आहे."

"आकडे बघून काय करायचंय? घाटात तार तुटली, याला काही कळेनासं झालं, तरी यानं पंखा चालू ठेवला पाहिजे. कळेनासं झालं की बंद पडतो, तसला नको."

मी म्हटलं, "बरं. जोडीला एक बटण देऊन ठेवू. लागलंच तर हातानं चालवायला."

"बटण नको."

"तुम्ही म्हणताय हे?"

"गिऱ्हाईक विसरतं," मामा म्हणाले. त्यांचं तोंड पलीकडे होतं.

मी पाण्याचा डबा उचलून बाहेर गेलो. मला रडू आलं होतं आणि ते त्यांनी बघितलेलं त्यांना चाललं नसतं.

तो कंट्रोलर त्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःच्या जीपमध्ये बसवला. डॅशबोर्डवरचं जुनं बटण काढलं आणि भोकावर पत्र्याचा तुकडा मारला. मुलाला बोलावून इंजिन चालू करून दाखवलं. काटा वर गेला, पंखा चालू झाला. काटा खाली आला, पंखा बंद. मुलानं मोबाइलमधून मान वर केली आणि "बरं" म्हणाला. मामांचे रविवार पुन्हा सुरू झाले. त्यानंतर गाडी एकदाही तापली नाही.

मग एका रविवारी दुपारी मला फोन आला. मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक रेडिएटरवर माझ्या दुकानाचा स्टिकर असतो, त्यावरून कुणी नंबर लावला होता.

"शेठ, हिकडं पेठ रोडला, घाटाच्या वर, टपरीपुढं एक म्हातारं जीपमधी बसेल हाय. सकाळपासून. नीट बोलत नाय. गाडी चालूच हाय. बॉनेट उघडून पाह्यलं तं तुमचा नंबर दिसला."

मी मामांच्या मुलाला कळवलं आणि मोटारसायकल काढली. जीप टपरीपुढे उभी होती, इंजिन चालू होतं, काटा मधोमध होता. माझ्यासमोर पंखा सुरू झाला, थोडा वेळ फिरला आणि बंद झाला. सकाळपासून तो आपलं काम बिनचूक करत होता. मामा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या रस्त्याकडे बघत बसले होते.

"मामा."

त्यांनी वळून पाहिलं, अगदी सभ्यपणे. असा सभ्यपणा मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. "कुठं जायचंय तुम्हाला? बसा, सोडतो. रस्ता तेवढा सांगा."

मोटारसायकल टपरीवाल्याकडे ठेवून मी शेजारी बसलो. त्यांना गाडी चालवू दिली म्हणून कुणी मला मूर्ख म्हणेल. म्हणू दे. मामांनी तो घाट असा उतरवला की एकदाही माझ्या पायानं नसलेला ब्रेक शोधला नाही. कुठं गिअर उतरवायचा, कुठल्या वळणावर हॉर्न द्यायचा, सगळं हातांना ठाऊक होतं. फक्त फाटा आला की ते गाडी हळू करत आणि विचारत, "आता?" मी सांगायचो. पंचवटीत शिरलो, ज्या चौकातून ते जन्मभर गेले त्या चौकातही त्यांनी विचारलं, "आता?"

घराच्या फाटकात मुलगा उभा होता. त्यानं काही न विचारता चावीसाठी हात पुढे केला. गाडी तापली नव्हती. त्याच्याच शब्दाप्रमाणे त्याला चावी मागायचा हक्क नव्हता. हे बोलायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण कशाच्या जोरावर बोलणार? मामा खाली उतरले, चावी शर्टाला पुसली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"झाली तुमची गाडी, साहेब. आता तापायची नाही. घेऊन जा."

आणि साहेबांना गाडी वळवायला जागा मिळावी म्हणून ते स्वतःच्याच घराच्या फाटकापासून बाजूला सरकून उभे राहिले.