सोकोत्राची वेल

इथे आखातात, अल वक्राला आमच्या शेजारी सोकोत्रा बेटावरची एक बाई राहते. तिच्या दारातल्या मोठ्या कुंडीत काकडीच्या कुळातली एक वेल आहे. ती म्हणे त्या बेटाखेरीज जगात कुठेच उगवत नाही. बी तिच्या आईने पाठवलं होतं. उन्हाळ्यात वेल पार वाळते, खालचा कंद तेवढा जिवंत राहतो, आणि हवा निवळली की पुन्हा जाळीवर चढते. फिकट पिवळी फुलं येतात नि गळतात. फळ कधीच धरलं नाही. आई वारली तेव्हा तिकडे लढाई चालू असल्यामुळे हिला जाता आलं नव्हतं. आता निदान आईच्या वेलीला फळ धरावं, एवढी एकच आस. खत घालून झालं, दुआ पढून पाणी घालून झालं. मी आपली दरवर्षी इन्शाल्ला म्हणून मोकळी.

यंदा माझी आई रत्नागिरीजवळच्या गावाहून आली. तिचा जन्म पडवळ-करटोलीच्या मांडवाखाली गेलेला. तिने चार फुलं उलटी करून पाहिली आणि घरात येऊन म्हणाली, मादीफुलाच्या पाठीशी इवलंसं फळ असतं, इथे एकालाही नाही. करटोलीसारखे हिचेही नर-मादीचे वेल वेगळे असणार. हा नर. जन्मात फळायचा नाही.

मला धसकाच बसला. मी म्हटलं, तिला काही सांगू नकोस, तेवढ्या आशेवर आहे बिचारी. आई भडकली. माणसाला खोट्या आशेवर टांगून ठेवायचं याला तुम्ही माया म्हणता काय, असं म्हणत चपला घालून निघालीसुद्धा. मागोमाग जाणं भाग होतं, मोडकीतोडकी का होईना, अरबी मलाच येते.

मी शेजारणीला अडखळत सगळं सांगितलं. तिने एक फूल उलटं करून पाहिलं. मग तिने विचारलं, "म्हणजे माझी आई माझ्यावर रागावलेली नाहीये?"

फळ धरत नाही म्हणजे आईने माफ केलेलं नाही, असं ती इतकी वर्षं धरून बसली होती. भिंतीला भिंत लागून राहूनही मला त्याचा पत्ता नव्हता. तिचा प्रश्न मी आईला मराठीत सांगितला. आईने तिचा हात हातात घेतला.

"तिला सांग, आई इतकी वर्षं नाय गो रागावत."

आई दोनच दिवसांनी परत जायची होती. ते वाक्य अरबीत सांगायला गेले आणि मलाच रडू फुटलं. शेजारीण माझ्या पाठीवरून हात फिरवत विचारत राहिली, आई काय म्हणाली.