बेंबीखालचा टाका

प्रेमिलाच्या बेंबीखाली एक टाका होता, धानाच्या दाण्याएवढा. तेवढ्याशा टाक्यावरून तिचं लग्न मोडलं. टाक्याचा काही दोष नाही म्हणा. दोष बायजाबाईचा, तिच्या सख्ख्या आत्याचा.

प्रेमिलाची आई ऑपरेशनच्या टेबलावरच गेली होती. तेव्हापासून तिचा बाप चंपतराव घरात ऑपरेशनचं नाव काढू देत नसे. कुहीला त्याची शेती. पोरीला शाळेसाठी त्यानं नागपुरात विधवा बहिणीकडे ठेवलं होतं आणि बहिणीच्या घरचा तांदूळही तोच पुरवायचा. त्यामुळे बायजाबाई भावाच्या शब्दाबाहेर नव्हती.

पंधराव्या वर्षी एका दुपारी प्रेमिलाच्या ओटीपोटात अशी कळ उठली की ती दारातच गडबडा लोळली. बायजाबाईनं रिक्षा करून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंडाशयाला पीळ पडलाय, उशीर झाला तर काढून टाकावं लागेल. दुर्बिणीनं केलं तर पोट फाडायला नको. तोवर दुर्बीण म्हटली की कुटुंब नियोजनाचा कॅम्प, एवढंच लोकांना ठाऊक होतं. कुहीला निरोप धाडायला सवड नव्हती. बायजाबाईनं अंगठा दिला. पीळ सुटला, अंडाशय वाचलं. पुढं लेकरं होतील, काळजी करू नका, असं डॉक्टरीणबाईंनी दोघींनाही सांगितलं. हे बायजाबाईचं पुण्य, ते कुणी नाकारू नये.

पण घरी आल्यावर तिनं प्रेमिलाचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला.

"तुह्या बापाले सांगू नको वं. नुसती सलाईन लावली मनू. नाई तं तो माह्यं तोंड पाहनार नाई."

प्रेमिलानं शपथ पाळली. आईविना पोरीला आत्याच आई होती.

पुढं तिचं लग्न ठरलं. नवरदेवाकडच्या बाया उष्टी हळद घेऊन कुहीला आल्या. न्हाऊ घालताना ओलं लुगडं सरकलं आणि नवरदेवाच्या मावशीचा हात थांबला. असा टाका तिच्या गावात घरोघरी होता, साऱ्या कॅम्पात जाऊन आलेल्या बाया.

"हे तं लेकरं बंद कराचं ऑपरेशन हाय," मावशी म्हणाली. "कुवाऱ्या पोरीले काहून केलं?"

प्रेमिला घाबरली नाही. "आत्या होती ना संगं. तिले विचारा."

साऱ्या बाया बायजाबाईकडे वळल्या. दाराआडून चंपतरावाचा आवाज आला, काय झालं म्हणून. बायजाबाईनं हळदीच्या वाटीत पाहिलं.

"मले काय मालूम वं," ती म्हणाली. "मी तं बाहेर बसून होती."

तिची शपथ जपली, तिचा तांदूळ जपला, आणि तिनं भर हळदीत हात झटकले. पोटातला पीळही प्रेमिलाला एवढा दुखला नव्हता. तिनं बापाला सारं सांगितलं, पण बापानं बहिणीवर विश्वास ठेवला. वरात आलीच नाही.

मग हिंगण्याच्या कारखान्यातला आनंदराव चालून आला, बिजवर, दोन पोरांचा बाप. त्याच्या आईला हीच सून हवी होती. हिला लेकरू होणार नाही, म्हणजे आपल्या नातवंडांना सावत्रपणा नको. ज्या टाक्यासाठी एकानं टाकली, त्याच टाक्यासाठी दुसऱ्यानं उचलली. प्रेमिलाला कुणी काही विचारलं नाही.

वर्षाच्या आत तिला मुलगी झाली.

बारशाला बायजाबाई डिंकाचे लाडू घेऊन आली. चंपतराव नातीला मांडीवर घेऊन खुशीत बसला होता. भाऊ खूश दिसताच तिला कंठ फुटला.

"मीच नेलं होतं हिले दवाखान्यात," ती साऱ्यांना सांगू लागली. "माह्याच अंगठ्यानं झालं ऑपरेशन. डाक्टरीनबाई मलेच बोलल्या, लेकरं होतीन मनून. मी होती मनून हे पोरगी दिसून राहिली."

बाया कौतुकानं माना डोलवू लागल्या. चंपतरावही हसला. प्रेमिला उठली आणि तिनं लेकीला त्याच्या मांडीवरून उचलून घेतलं.

"तवा तं तू बाहेर बसून होती ना, आत्या."