मागच्या खोलीतली खाट

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझा विश्वास देवावर कमी आणि मोबाईलवर जास्त होता. हे लिहायला लाज वाटते, पण ते न लिहिता पुढचं सांगता येणार नाही. केरीच्या आमच्या वाड्यावर बी.ए. झालेली पहिली मुलगी मी. वडिलांनी जन्मभर खाणीवर ट्रक चालवला, आईने शाळेचं तोंड पाहिलं नाही. त्यामुळे छापलेलं ते खरं आणि ते वाचून सांगणारी मी, असा घरात माझा थाट होता. वडील गेल्यावर तर शेवटचा शब्दही माझाच.

मे महिना होता. दर्यात चक्रीवादळ उठलंय, उद्या सकाळी किनाऱ्याजवळून जाईल, असा इशारा आला. आई तेव्हा न्हाणीत घसरून पडलेली, उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. पळणं सोडाच, कूस बदलायलाही तिला माझा हात लागे. मला एकच घोर होता : घरावर काही आलं तर हिला एकटी कशी उचलू?

म्हणून मी तयारीला लागले, आणि तयारी चोख केली असं मला वाटत होतं. पंधरा दिवसांचे तांदूळ, सुके बांगडे, मेणबत्त्या, काडेपेट्या, आईच्या गोळ्या, बॅटरी. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पावाबरोबर कांकणंही घेतली, कारण बांगडीसारखे ते कडक पाव वाळके, टिकतात. पिण्याच्या पाण्याचं पिंप भरलं. हे सगळं मागच्या खोलीत रचलं आणि शेजारच्या बाबलोकाकांना हाताशी घेऊन आईची फणसाची जड खाटही तिथेच नेली. माझा हिशेब सरळ होता. वादळ दर्यातलं, दर्या आमच्या घरासमोर, म्हणजे मार पुढच्या खोलीला बसणार. मागे डोंगर, तिथे आडोसा. मागच्या खोलीमागे थोड्या अंतरावर, डोंगराच्या अंगाला, एक उंच, नारळांनी लगडलेला माड होता. नारळ उतरवायला पाडेलीला निरोप धाडला होता, पण त्या दिवशी साऱ्या गावालाच पाडेली हवा होता. तो आला नाही. मी म्हटलं, राहू दे. माड पडला तर डोंगराकडे पडेल.

संध्याकाळी आई म्हणाली, “बाय, माका भायर बसय. गाऱ्हाणां घालूक होयां.”

आमच्याकडे मोठ्या कामाआधी राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. राखणदार म्हणजे गावाची शीव सांभाळणारा देव. एकाने नारळ ठेवून मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्यामागे दुसऱ्याने “व्हय म्हाराजा” म्हणायचं. तो होकार पडला नाही तर गाऱ्हाणं अधुरं. आई सोप्यावर खुर्चीत बसली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

“बा राखणदारा म्हाराजा, आज जा वादळ येता म्हणतत, तेका वाटेतल्या वाटेक घाल. ह्या घरातल्या माणसांक सांभाळ रे म्हाराजा...”

ती थांबली. होकार माझा होता. मी ताडपत्रीची दोरी आवळत होते. ऐकू आलं होतं, तरी बोलले नाही. वाऱ्यापुढे नारळ ठेवून काय होणार, असं मनात होतं, आणि कॉलेज शिकून हे म्हणायचं, याची लाजही. आई वाट बघत राहिली. मी मान वर केली नाही.

तेवढ्यात कुंपणाच्या वईपलीकडच्या रस्त्यावरून खणखणीत आवाज आला, “व्हय म्हाराजा!”

मी दचकलेच. एक साठीचा माणूस उभा होता. कमरेला कोयता, खांद्यावर सुंभाची दोरी. आईने जणू तो यायचाच होता अशा थाटात पुढची मागणी सुरू केली, आणि त्याने प्रत्येकीला होकार दिला. संपल्यावर आत आला, पाणी मागितलं. नदीपलीकडे तेरेखोलला जायचं होतं, पण वादळामुळे फेरीबोट बंद, आता सातार्ड्याच्या पुलाकडून चालत जाणार म्हणाला. पाणी पिता पिता त्याची नजर माडावर गेली.

“ह्या माडाच्या टप्प्यात कोण निजता?”

“आई. मागे आडोसा आहे,” मी म्हटलं.

“आणि माड खंय पडतलो?”

“डोंगराकडे. वारा दर्याकडून येणार ना!” मी मोबाईल पुढे केला.

त्याने तो हातातही घेतला नाही. हसला. “वादळ दर्यातला, पण पयलो वारो डोंगरातसून सुटतलो. दर्याचो मागसून.”

“मग तुम्ही चढून नारळ तरी उतरवा.”

“आता वारो लागलो. आता चडणां नाय.” तो सरळ मागच्या खोलीत गेला, खाटेला हात घातला. “धर गो बाय, दुसरी बाजू.”

वाद घालायचा होता, पण वडीलधाऱ्या माणसाने एक बाजू उचललीच होती. संकोचाने मी दुसरी धरली. आईची खाट पुढच्या खोलीत आली. नाव विचारेपर्यंत तो वळणाच्या पार गेला होता.

मी मनातून चिडले होते. खाट परत न्यायची, एवढंच ठरवलं होतं, पण ती एकटीला हलेना. सकाळी पेज उतरवून मी आईला म्हटलं, “बाबलोकाकांना बोलावते. तुला परत मागे नेऊ.”

“नेय बाये. तुझ्या पुस्तकात असात तसां कर,” आई म्हणाली.

मी पुढचं दार उघडलं आणि वारा माझ्या तोंडावर आला नाही. तो पाठीमागून, डोंगराकडून, घरावरून येत होता. अंगणातला पाचोळा दर्याकडे पळत होता. मग मागे जे वाजलं, तसा आवाज मी आयुष्यात ऐकलेला नव्हता. जमीन हादरली, घरात मातीचा धुरळा उठला आणि त्या धुरळ्यातून आईची हाक आली, “बाय गो!”

माड मागच्या खोलीवर आडवा होता. वासे मोडले होते, कौलांचा चुरा झाला होता, पिंप फुटलं होतं. तांदूळ, बॅटरी, मेणबत्त्या, सगळं झावळ्यांखाली. आणि खाट होती त्या जागी, उशाला, माडाचा शेंडा नारळांसकट जमिनीत रुतलेला. मी खाली बसले. आईला तिथे मीच निजवलं होतं. आणि आताही मी तिला परत तिथेच न्यायला माणूस बोलवायला निघाले होते.

पुढचे चार दिवस आम्ही शेजाऱ्यांच्या पेजेवर आणि पाण्यावर काढले. त्या माणसाची मी पालये गावापर्यंत चौकशी केली, नंतर फेरी सुरू झाल्यावर तेरेखोललाही. कुणाला ठाऊक नव्हता. आई म्हणते राखणदार, मी म्हणते पाडेली, आणि आम्ही त्यावर भांडत नाही. तयारी केली ही चूक नव्हती, आजही करते. चूक होती ती आपल्याला सगळं कळतं या ताठ्याची. तो ताठा कुणीतरी खाटेसकट उचलून बाजूला ठेवला. ज्याने ठेवला, त्याच्यापुढे माझं डोकं नमलेलं आहे.

माड कोसळला त्याच दुपारी, वारा पडल्यावर, मी आईच्या केसांतली माती काढायला बसले. फणी गुंत्यात अडकत होती आणि मी ती उगाच ओढत होते. आईने ती माझ्या हातातून घेतली.

“हंय बस. फिर तिकडे.”

मी तिच्या खाटेखाली जमिनीवर बसले, पाठ तिच्याकडे केली. प्लास्टरचा पाय सरळ पसरून, हळूहळू, ती माझे केस विंचरू लागली. मी मान तिच्या हातात सोडून दिली.